टाकून दिलेला आवाज

चैत्र सरता सरता कूलरचं गवत बदलायला दरवर्षी माणूस येतो. ताट्यांमधून जुनं गवत काढलं की ते काळं पडलेलं असतं, क्षारांनी कडक झालेलं. हातात घेतलं तर काड्यांसारखं मोडतं. मग नवं पिवळं गवत भरायचं, वरून पाणी सोडायचं, बटण दाबायचं. पहिली पाच मिनिटं घरभर एक वास येतो, ओल्या लाकडाचा, थोडा गोडसर. अमरावती-अकोल्याकडे कॅलेंडर पाहून उन्हाळा सुरू होत नाही, या वासानं होतो. आमच्या घरी सगळ्यांना तो आवडतो. नातू तर कूलरसमोर तोंड करून आऽऽ असा आवाज काढत बसतो.

मी तेवढी पाच मिनिटं अंगणात जाऊन उभा राहतो. आठ वर्षं झाली. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला थंडी बाधते.

आठ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पूर्णा नदीकाठच्या एका गावात, अशाच नुकतं गवत भरलेल्या कूलरसमोर आम्ही प्रफुलला आणून निजवलं होतं. त्या उन्हाळ्याबद्दल मी खोटं बोललो आहे. तोंडी बोललो आणि लेखीही दिलं. आता एकाहत्तर वय आहे. जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

माझा अमरावतीत फोटो स्टुडिओ होता. चाळीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. लग्नात व्हिडिओवाल्याला केवढा मान असतो, हे ज्यानं काम केलं त्यालाच कळतं. वरमाला घालून झाली आणि माझ्या मनासारखी आली नाही, की मी म्हणायचो, "अजून एकदा." वधूवर हार काढून पुन्हा घालायचे. मंगळसूत्र पुन्हा. सप्तपदीचं शेवटचं पाऊल पुन्हा. एकदा तर निरोपाच्या वेळी मुलीच्या आईला मी म्हटलं होतं, "काकू, अजून एकदा गळ्यात पडा, मधी कोणीतरी आलं." आणि ती बाई पुन्हा गळ्यात पडली, पुन्हा तेवढीच रडली. चाळीस वर्षांत "अजून एकदा"ला कुणी नाही म्हटलं नाही. लोकांची ही नाही न म्हणण्याची सवय माझ्या अंगात मुरली.

दुसरी सवय आवाजाची. लग्नाच्या कॅसेटमध्ये खरा आवाज कुणाला नको असतो. त्यात वाढप्याची हाकाटी, पोरांचं रडणं, मामाची भांडणं. तो सगळा टाकून द्यायचा आणि वर सनई नाहीतर सिनेमाचं गाणं चढवायचं. मी हजारो माणसांचे चेहरे जपून ठेवले, पण त्यांतल्या एकाचाही आवाज माझ्याकडे नाही. याचा मला तेव्हा अभिमान होता. सफाईदार काम म्हणायचे लोक.

ऊन म्हटलं की बाहेरच्यांना घाम आठवतो. आमच्याकडे घाम येता येताच वाळतो. मे महिन्यात वऱ्हाडात माणूस चेहऱ्यानं ओळखता येत नाही, चालीवरून ओळखावा लागतो. कारण डोकं, कान, तोंड सगळं दुपट्ट्यात बांधलेलं. बाहेर निघताना आई आधी विचारते, "बांधलं का?" मग विचारते, "कांदा घेतला का?" खिशातल्या कांद्यानं ऊन लागत नाही हे खरं की खोटं, मला सांगता येणार नाही. पण कांदा खिशात असला की माणसाला आठवत राहतं, की आपण उन्हात आहोत. माझ्या आईनं मला चौथीपासून कांदा दिला. म्हणून मी जे केलं ते पुण्या-मुंबईच्या माणसानं अजाणता केलं असतं. मी अजाण नव्हतो.

ती चार पोरं माझ्याकडे आली अदनानमुळे. अदनान अकोल्याचा, गिटार वाजवायचा. त्याच्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं. बँडचं नाव 'खारं पाणी'. अदनान, कीबोर्डवर श्वेता, ड्रमवर एक अबोल पोरगा, आणि गाणारा प्रफुल. प्रफुल तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडचा, चोवीस वर्षांचा, काळासावळा, हसला की एक दात आडवा दिसायचा. गिटारच्या शेजारी तो खंजिरी वाजवायचा. खंजिरी त्याला बापानं शिकवली होती. बाप महादेवभाऊ, गावच्या भजनी मंडळातला. गावातली दारूविक्री बंद व्हावी म्हणून बायकांना घेऊन तालुक्याला जाऊन बसलेला माणूस. प्रफुल सांगायचा, "काका, आमच्या घरी खोकल्याचं औषधबी बाबा वास घेऊन देते."

त्यांच्याजवळ एक गाणं होतं आणि व्हिडिओ करायला हाती काहीच नव्हतं. मी म्हटलं, कॅमेरा माझा, एडिटिंग माझं, फक्त मी सांगीन तसं करायचं. पोरं खूश झाली. मीही. त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कुणाच्या हळदीत मावशीकडे कॅमेरा न्या, असं सांगणारं कुणी नव्हतं. मी दिग्दर्शक होतो.

गाणं खारपाणपट्ट्याचं होतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल जमीन काळी, विहीर भरलेली आणि पाणी खारट. तोंडात घेतलं की थुंकावं लागतं. गाण्यात मुलगा शहरातून परत येतो आणि आई त्याला म्हणते, पाणी खारं असलं तरी घर तुझंच आहे. साधं गाणं. पण प्रफुल ते म्हणायचा तेव्हा शेवटच्या ओळीला त्याचा आवाज किंचित फाटायचा, आणि तो फाटणारा आवाज ऐकून मला वाटलं, हे मी असं दाखवीन की लोक विसरणार नाहीत.

मला मृगजळ हवं होतं. पाण्याचं गाणं, मागं लखलखणारं खोटं पाणी आणि त्यातून हळूहळू चालत येणारा प्रफुल. मृगजळ सकाळी दिसत नाही, संध्याकाळी दिसत नाही. भर दुपारीच दिसतं. आणि हळूहळू चालण्याची एक युक्ती असते. गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, गाणाऱ्यानं दुप्पट वेगानं ओठ हलवायचे, दुप्पट वेगानं वाजवायचं, फक्त चाल नेहमीची ठेवायची. मग एडिटिंगमध्ये सगळं निम्म्यावर आणायचं. ओठ गाण्याशी जुळतात आणि माणूस स्वप्नात असल्यासारखा तरंगत येतो. दिसायला फार सुंदर दिसतं. करणाऱ्याचा मात्र जीव जातो, असं आम्ही धंद्यातले लोक गमतीनं म्हणत असू.

स्पीकरवर पहिल्यांदा दुप्पट वेगाचं गाणं लावलं तेव्हा पोरं हसून हसून खाली बसली. प्रफुल म्हणाला, "काका, हे म्या म्हटलं का चिलटानं?" अदनान म्हणाला, "चिलट सुरात हाये बे, तू नाई." श्वेताला ठसका लागला. तो हशा मला अजून दिसतो. दिसतो असंच म्हणतो, कारण फार दिवस तो मी ऐकला नव्हता.

गावातल्या शेवटच्या घरासमोरून आम्ही नदीच्या पात्राकडे निघालो तेव्हा साडेअकरा वाजले असतील. ओसरीवर एक म्हातारी बसली होती. म्हणाली, "कावून रे बाप्पा, पोट्ट्यायले उन्हात घेऊन चालले? तुमाले पिकल्या केसाची काई लाज?"

"आजी, पिच्चर काढून राह्यलो," प्रफुल म्हणाला.

"पिच्चरमंदी का ऊन लागत नसते?" म्हातारीनं त्याला हातानं थांबवलं, त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा स्वतः त्याच्या डोक्याला, कानाला घट्ट बांधला आणि आतून एक कांदा आणून त्याच्या खिशात कोंबला. "पानी पेत राहजो."

पात्र कोरडं होतं, फुफाट्यानं भरलेलं. जमीन भेगाळून ताटासारखे तुकडे झालेले. आणि पलीकडं माझं मृगजळ. मी कॅमेरा लावला, प्रफुलला दोनशे पावलं लांब उभं केलं, काचेतून पाहिलं आणि ओरडलो, "दुपट्टा काढ! चेहरा दिसून नाई राहिला!"

त्यानं काढला.

"खिशात काय हाय? फुगून दिसते. काढ ते!"

त्यानं कांदा काढून जमिनीवर ठेवला.

पहिला टेक. दुसरा. चौथ्यापर्यंत पाण्याचा कॅन संपला. तिथं विहीर होती, पण ते पाणी कुणी पिऊ शकत नव्हतं. अदनान आणि ड्रमवाला गाडी घेऊन गोड पाणी आणायला गेले. श्वेता म्हणाली, "काका, ते येईपर्यंत थांबू ना, तो बसू दे ना सावलीत." मी म्हटलं, "मृगजळ आपल्यासाठी थांबते का?" प्रफुल दुरून म्हणाला, "काका, मले चक्कर येऊन राहिली." मी म्हटलं, "हा शेवटचा."

तो शेवटचा नव्हता.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. पहिल्या टेकच्या वेळी त्याचा चेहरा घामानं चमकत होता आणि श्वेता दर वेळी जाऊन रुमालानं टिपत होती. सहाव्या टेकला मी काचेतून पाहिलं, तर चेहरा कोरडा. लाल आणि कोरडा. आणि माझ्या मनात आलं, बरं झालं, आता चमकत नाही. माझ्या आईनं सांगितलेलं सगळं मला येत होतं. घाम थांबला की माणूस गेला, हे आमच्याकडे शेळ्या चारणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. मला ते ठाऊक होतं आणि मी कॅमेऱ्यातून पाहत होतो.

सातव्या टेकला तो चालला ते वाकडं. गाणं एक आणि त्याचे ओठ भलतंच काही म्हणत होते. हातातली खंजिरी पडली, ती उचलायला वाकला तो उठलाच नाही.

आम्ही त्याला त्या म्हातारीच्या ओसरीवरून आत नेलं. कूलरचं गवत आदल्याच दिवशी भरलेलं, म्हातारीनं बटण आत्ता पहिल्यांदा दाबलं. तो वास. म्हातारी तळपायाला कांद्याचा रस चोळत होती, श्वेता ओली चादर टाकत होती, प्रफुल कुणाशी तरी बोलत होता, पण आमच्याशी नाही. म्हातारी एकदा वर पाहून मला म्हणाली, "कान म्या बांधले होते. कोनं सोडले?" मी गाडी आली का बघायला बाहेर गेलो. अदनान परतेपर्यंत बराच वेळ गेला. अकोल्याला दवाखान्यात पोचेपर्यंत त्याहून जास्त.

तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "दारू वगैरे घेतली होती का?" ते विचारतातच. अडखळणं, बरळणं, दोन्हींत सारखं दिसतं. साधं उत्तर होतं: नाही. मी म्हणालो, "पोरं आहेत साहेब. सांगता येत नाही."

एवढंच. प्रफुलचा एक नातेवाईक तिथं उभा होता. त्यानं ऐकलं. संध्याकाळपर्यंत हे वाक्य हिवरखेडला पोचलं होतं आणि पोचेपर्यंत त्यातलं 'सांगता येत नाही' गळून पडलं होतं.

प्रफुल तिसऱ्या दिवशी गेला. त्याआधी वॉर्डाबाहेर महादेवभाऊ माझ्याजवळ आले. डोक्यावर पांढरी टोपी, हाताची बोटं टोपीएवढीच पांढरी पडलेली. म्हणाले, "साहेब, खरं सांगा. पोट्टं पेलं होतं काय?" मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.  लग्नात मुलगी सासरी जाताना बाप रडायला लागला की मी असाच हात ठेवायचो. त्या हाताचा अर्थ त्यांनी जो घ्यायचा तो घेतला. मला तो घेऊ द्यायचा होता.

पोलिसांत मी लिहून दिलं, की वारंवार सांगूनही मयतानं डोक्याला काही बांधलं नाही, आणि तो प्यायलेला असावा असं मला वाटलं. खाली सही केली. का केली, याची कारणं मी रात्रंदिवस शोधली आहेत. सगळ्या कारणांच्या तळाशी एकच निघतं, मी भ्यालो होतो.

त्या पावसाळ्यात मी व्हिडिओ पूर्ण केला. श्रद्धांजली म्हणून. सातवा टेक पडण्याच्या क्षणाआधी कापला. निम्म्या वेगावर आणल्यावर त्याचं अडखळणं नाचल्यासारखं दिसतं. लोकांनी खाली लिहिलं, काय शांत चेहरा आहे, काय तंद्री आहे. खूप लोकांनी पाहिलं. एका कार्यक्रमात मला बोलावलं, शाल दिली, नारळ दिला, माइकवर 'संवेदनशील दिग्दर्शक' म्हणाले. मी शाल घेतली. ती कपाटात आहे. घडी मोडलेली नाही.

दिवाळीच्या आधी अदनान आला. दारातच उभा राहिला. "काका, गाववाले म्हणतात म्या पाजली त्याले. मले तेरवीलेबी येऊ दिलं नाई, त्याच्या मायनं दार लावलं. तुमी एकदा सांगा ना. माझं न् श्वेताचं कोण ऐकते?" अदनाननं जन्मात दारूला हात लावलेला नाही. मी म्हणालो, "आता बोलून तो परत येणार आहे का?" तो एक पायरी खाली उतरला. "नाई येणार," म्हणाला. "पर मैं तो यहीं रहता हूँ ना, काका." आणि गेला. बँड मोडला. अदनान आता भावाच्या टायरच्या दुकानात बसतो. गिटार आहे की विकली, मला विचारायचं धाडस झालं नाही.

उन्हाळे येत गेले. मी स्टुडिओ बंद केला. एक गोष्ट मात्र टाकली नाही, त्या दिवसाच्या शूटिंगचं कार्ड. लग्नांमुळे कॅमेरा दोन टेकच्या मध्ये बंद न करण्याची सवय होती. कोण कधी रडेल, सांगता येत नाही. त्यामुळे सगळं त्यात होतं. चित्र मी शंभरदा पाहिलं होतं. आवाज नेहमीप्रमाणे पहिल्याच दिवशी बंद करून ठेवला होता.

यंदा गवतवाला येऊन गेला, मी अंगणात जाऊन उभा राहिलो, आणि अचानक त्या उभं राहण्याचीच किळस आली. आत गेलो. कूलरच्या वासात बसलो. कार्ड लावलं आणि आवाज सुरू केला.

आधी वारा. मग पोरांचा हशा, चिलट सुरात हाये बे. मग चिलटाचं गाणं आणि त्याच्याखाली प्रफुलची खरी खंजिरी, दुप्पट वेगात, एकही ठोका न चुकता. आणि त्या सगळ्याच्या वर, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, एका माणसाचा आवाज. दुपट्टा काढ. काय हाय ते, काढ. अजून एकदा. काका, चक्कर येऊन राहिली. हा शेवटचा. अजून एकदा. तो आवाज मला ओळखू यायला वेळ लागला. स्वतःचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

अमरावतीहून हिवरखेडला जाण्याआधी मी पोलिसांत नवं निवेदन दिलं. तिथल्या माणसानं वाचलं, "एवढ्या वर्षांनी?" म्हणाला आणि ठेवून घेतलं.

हिवरखेडला पोचलो तेव्हा दुपार होती. महादेवभाऊ ओसरीत बसले होते. मी तोंडावरचा दुपट्टा सोडला तरी त्यांनी ओळखलं नाही. नाव सांगितलं. ते उठले नाहीत, बस म्हणाले नाहीत. भिंतीवर देवांचे फोटो होते, प्रफुलच्या आईचा होता, तीही तीन वर्षांपूर्वी गेलेली. प्रफुलचा नव्हता. खुंटीवर एक खंजिरी होती, तिच्यावर धुळीचा थर. आठ वर्षं ते भजनाला गेलेले नाहीत, हे मला नंतर कळलं. पहिल्या महिन्यातच मंदिरापुढं कुणीतरी म्हणालं होतं, "दुसऱ्याची सोडवली, घरची नाई सुटली."

मी म्हणालो, "भाऊ, तो प्यायला नव्हता. मी खोटं बोललो." आणि लॅपटॉप उघडला.

ते पडद्याकडे पाहत नव्हते. डोळे मिटून ऐकत होते. खंजिरी सुरू झाली तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर हलला आणि लगेच थांबला. माझा आवाज आला. पुन्हा आला. सातव्या वेळेला खंजिरी पडल्याचा आवाज आला आणि मी बंद करायला हात पुढं केला. "राहू द्या," ते म्हणाले. पुढं श्वेताची किंकाळी होती, धावणं होतं. मग नुसता वारा.

मला वाटलं ते मारतील. मारावं असं वाटत होतं.

"त्या मुसलमानाच्या पोराचा नंबर हाय का?"

होता. लावून दिला. त्यांनी फोन कानाला धरला. म्हणाले, "बेटा, मी प्रफुलचा बाप. फोन ठेवू नोको. ऐक." मग माझ्याकडे वळले. "उठा. घ्या ते."

गावात कुणाचं ढोर हरवलं, कुणी गेलं, की मंदिराच्या भोंग्यावरून सांगतात. महादेवभाऊ भर उन्हात डोक्याला काही न बांधता पुढं चालले, मी मागं. मंदिरात त्यांनी माइक सुरू केला. दोनदा फुंकर मारली.

"मी महादेव बोलून राह्यलो. माह्या पोराचा आवाज हाय. काम सोडा अन् ऐका."

माझा लॅपटॉप त्यांनी माइकपुढं ओढला. फोन भोंग्याकडे धरला. मी बटण दाबलं. वारा, हशा, चिलटाचं गाणं, खंजिरी, आणि सगळ्या गावावर, पत्र्यांवर, कडुनिंबांवर आदळणारा माझा आवाज. दारं उघडत गेली. बाया पदर डोक्यावर ओढून उंबऱ्यात आल्या.  आवाज संपला तेव्हा भोंग्यातून फक्त कोरड्या नदीचा वारा येत होता आणि फोनमधून कुणीतरी रडत असल्यासारखं काही.

मी लॅपटॉप मिटायला वाकलो.

महादेवभाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अजून एकदा."

मी पुन्हा लावलं.